बंगल्यासमोरून

सायकलरस्ता कॉलेजच्या आवारातून न्यायचा असं नगरपालिकेत ठरलं आणि आखणीचं काम थोरलीकडे आलं. तिने ते मागून घेतलं नव्हतं. साहेबांनी फाईल पुढे सरकवत विचारलं, "जमेल ना? कॉलेजवाले जरा तिरसट आहेत."

"जमेल," ती म्हणाली. जागेवर येऊन बसली तेव्हा मात्र तिने फाईल उघडली नाही.

त्या कॉलेजात तिची धाकटी बहीण शिकायची. शिकत असतानाच गेली.

त्यांचं घर कॉलेजच्या अगदी पाठीमागे. वडील आधीच वारलेले, आई पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून घर चालवायची. वस्तीतली सगळी मुलं मागच्या फाटकातून सायकली आत घालायची आणि बंगल्यासमोरच्या पायवाटेने वर्गात पोचायची. बंगला प्राचार्यांचा. त्यांना या पोरांचा वैताग होता. दुपारी डोळा लागावा तर घंटा वाजायच्या, आणि त्यांनी हौसेने लावलेल्या हिरवळीची कड चाकांखाली उखडायची. एके दिवशी त्यांनी फाटकाला कुलूप घालायला लावलं. कारण सांगितलं सुरक्षेचं.

ते कुलूप पडलं त्या सकाळी धाकटीची प्रयोगाची परीक्षा होती. ती फाटकापाशी आली, पहारेकऱ्याला विनवलं, "आजच्या दिवस सोडा काका." तो म्हणाला, वरून हुकूम आहे. मग ती मागे वळली आणि ट्रकच्या मोठ्या रस्त्याने वळसा घालून निघाली. मुख्य फाटक समोर दिसत असताना ट्रकने तिला मागून उडवलं.

चौकशीत प्राचार्यांनी सांगितलं, फाटक उघडंच होतं. पहारेकऱ्यानेही मान डोलावली. पोरं सोडून फाटकाशी दुसरं कुणी नव्हतं, आणि पोरांना कुणी विचारलं नाही. ती मुलगी मोठ्या रस्त्याने का गेली, असं विचारल्यावर प्राचार्य किंचित हसले आणि म्हणाले, "ते तिलाच ठाऊक. या वयात मुलींची कुठे कुठे कामं असतात."

हे शेवटचं वाक्य चौकशीच्या खोलीतून बाहेर पडलं आणि वस्तीभर फिरलं. कोपऱ्यावरच्या दुकानात बायका आई आली की गप्प व्हायच्या. कुणी म्हणे तिचं कुणाशी तरी होतं, कुणी म्हणे त्या दिवशी ती कॉलेजला निघालीच नव्हती. आईने त्या दुकानात जाणं सोडलं. थोरली तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पहारेकऱ्याच्या घरी गेली. त्याने हात जोडले. "माझी नोकरी आहे ताई," म्हणाला आणि दार लावून घेतलं. प्राचार्यांनी तर तिला भेटच दिली नाही.

यात बरीच वर्षं गेली. थोरलीला नगरपालिकेत नोकरी लागली, रस्ते विभागात ती कामाला वाघ म्हणून ओळखली जाऊ लागली. आणि आता ही फाईल.

कॉलेजची जमीन मुळात नगरपालिकेचीच, भाडेपट्ट्याने दिलेली. रस्ता काढायचा हक्क राखून ठेवलेला होता. प्रश्न एवढाच होता की रस्ता कुठून न्यायचा. मोजणीचं यंत्र घेऊन ती दोन माणसांसह आवारात उतरली तेव्हाच उत्तर समोर दिसलं. मुलांच्या वसतिगृहामागून सपाट जमीन होती, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, काही पाडायला नको. शाळकरी पोरालाही कळलं असतं. दुसरी वाट बंगल्यासमोरून जायची. तिथे कुंपणाची भिंत पाडावी लागणार, हिरवळ मधोमध कापावी लागणार, शिवाय शेवटी छातीवर येणारा चढ.

ती बंगल्यासमोर उभी राहून मोजमापं घेत होती तेव्हा प्राचार्य स्वतः बाहेर आले. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. त्यांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार कसे, कधी पाहिलंच नव्हतं.

"मॅडम, चहा घ्या ना," ते म्हणाले. "उन्हात किती वेळ उभ्या आहात."

तिने घेतला. व्हरांड्यात बसून, त्यांच्याच कपातून.

"ही हिरवळ मी या हातांनी लावलीय," ते सांगत होते. "पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. पण कॉलेजच्या मंडळाने बंगला आम्हाला हयातभर दिलाय. आमची ही आजारी असते, चालता येत नाही तिला. संध्याकाळी खुर्ची बाहेर आणून बसवतो. तेवढाच तिचा विरंगुळा."

"छान आहे हिरवळ," थोरली म्हणाली.

"तुम्ही रस्ता वसतिगृहामागून नेणार असं ऐकलं. उत्तम. तिकडे कुणाला त्रास नाही."

तिने कप खाली ठेवला. बंगल्याच्या पायरीपासून कुंपणापर्यंत टेप धरायला तिने माणसाला हाक मारली आणि प्राचार्यांच्या डोळ्यांदेखत हिरवळीत पहिली खुंटी ठोकून घेतली.

कारणं शोधायला बसलं की सापडतात. वसतिगृहामागे पावसाळ्यात पाणी तुंबतं, तिथे संध्याकाळी वर्दळ नसते, बंगल्याच्या बाजूला दिवे आधीपासून आहेत. तिने दोन्ही वाटा नकाशावर काढल्या आणि बंगल्यासमोरची वाट जाड रेघेने दाखवली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा चढ? सायकलवाले शिव्या घालतील गं."

"चढ कापून कमी करता येईल."

"बघ बाबा. सुनावणी होऊ दे. मग तू शिफारस दे, मी सही करतो. तुझ्यावर सोडलंय."

नकाशा कॉलेजला पोचला त्याच आठवड्यात प्राचार्य नगरपालिकेत आले. आधी साहेबांकडे गेले, साहेबांनी त्यांना थोरलीकडे पाठवलं. तिच्या टेबलासमोरच्या लोखंडी खुर्चीवर ते बसले, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात अजिजी होती.

"मॅडम, ही वाट आमच्या जिवावर उठलीय. व्हरांड्यापासून हाताच्या अंतरावरून सायकली जाणार. हिला आवाज सहन होत नाही. मी हात जोडतो तुम्हाला. मागून न्या रस्ता. तुम्ही आमच्या कॉलेजच्या विद्यार्थिनी वगैरे होता का? काही आपलेपणा..."

"मी नव्हते. माझी बहीण होती."

"असं? कोणत्या वर्षी?"

तिने वर्ष सांगितलं. मग मागच्या फाटकाचं नाव घेतलं, प्रयोगाच्या परीक्षेचं नाव घेतलं. प्राचार्यांचा चेहरा बघता बघता उतरला. समोरचा पाण्याचा ग्लास त्यांनी उचलला आणि न पिता ठेवला.

"तो अपघात होता," ते म्हणाले.

"हो. पण कुलूप अपघात नव्हतं. आणि तुम्ही तिच्याबद्दल जे बोललात, तोही अपघात नव्हता."

"तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. तोवर तिला हिरवळच हवी होती, चाकांखाली. पण त्या क्षणी तिला दुसरं, मोठं काहीतरी दिसलं.

"सुनावणीत सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. फाटक बंद होतं, तुमच्या हुकमाने बंद होतं, आणि चौकशीत तुम्ही खोटं बोललात. सांगितलंत तर रस्ता वसतिगृहामागून जाईल."

"शब्द देता?"

"देते."

सुनावणी कॉलेजच्याच सभागृहात झाली. वस्तीतले लोक आले होते, प्राध्यापक, विद्यार्थी, कोपऱ्यावरचा दुकानदार आणि त्याची बायकोसुद्धा. थोरलीने आईला मुद्दाम आणलं होतं, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. आई शेवटच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. साहेब मधल्या खुर्चीत.

कॉलेजच्या वतीने प्राचार्य उभे राहिले. आधी त्यांनी शिस्तीबद्दल काही वाक्यं म्हटली. मग थोरलीकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"मागच्या फाटकाबद्दल एक गोष्ट मला सांगायची आहे," ते म्हणाले. "काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी मोठ्या रस्त्यावर अपघातात गेली. त्या सकाळी हे फाटक बंद होतं. माझ्या हुकमावरून बंद होतं. ती फाटकापर्यंत आली होती, तिला परत पाठवण्यात आलं. चौकशीत मी फाटक उघडं असल्याचं सांगितलं. ते खरं नव्हतं."

ते खाली बसायला लागले.

"अजून एक राहिलं, सर," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

ते तसेच अर्धवट वाकलेले थांबले. टेबलाची कड धरून पुन्हा सरळ झाले. "त्या मुलीच्या वागण्याबद्दल मी तेव्हा जे सुचवलं, त्याला काहीही आधार नव्हता. ती परीक्षेला चालली होती."

दुकानदाराच्या बायकोने मान खाली घातली. आई मात्र समोरच बघत होती. तिने डोळ्याला पदरही लावला नाही.

घरी आल्यावर आई शिलाईच्या मशीनवर बसली. एक पडदा अर्धा राहिला होता. टीप घालत घालत तिने विचारलं, "तो माणूस आपणहून बोलला नाही. तू त्याला काय कबूल केलंस?"

थोरलीने सगळं सांगितलं. वसतिगृहामागची वाट, बंगल्यासमोरची वाट, दिलेला शब्द. प्राचार्यांची आजारी बायको, संध्याकाळची खुर्ची, तेही सांगितलं. खरं तर ते सांगताना तिला वाटत होतं की आई म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं, शब्द पाळ. आई वस्तीत मऊ स्वभावाची म्हणून ओळखली जायची. भाजीवालीशीसुद्धा घासाघीस करायची नाही.

मशीन थांबलं.

"तुला त्या बाईचं वाईट वाटतंय?" आईने विचारलं.

"थोडं वाटतंय."

"मलाही वाटतंय," आई म्हणाली. "तरी रस्ता नको हलवू."

"आई, शब्द दिलाय मी."

"त्यानेही दिला होता. चौकशीत, खरं बोलीन म्हणून." आईने सुईतला दोरा दातांनी तोडला. "माझ्या पोरीला मरून गेल्यावर लोकांनी नावं ठेवली. मी त्या दुकानावरून मान खाली घालून जायची. आज त्याने दोन वाक्यं बोलून हिरवळ सोडवून घेतली. एवढ्या स्वस्तात? नको हलवू."

दुसऱ्या दिवशी थोरलीने शिफारस दिली, बंगल्यासमोरून. साहेबांनी ती उलटसुलट पाहिली आणि सही केली.

भिंत पाडायला मशीन आलं त्या सकाळी प्राचार्य चपला न घालताच बाहेर धावले. थोरली तिथेच उभी होती, डोक्यावर पिवळी टोपी.

"तुम्ही शब्द दिला होता!"

"हो."

"मी सगळ्यांसमोर माझी अब्रू घालवली. मंडळाने मला मुदतीआधी जायला सांगितलंय. तुम्ही शब्द दिला होता, मॅडम."

"दिला होता," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. आता तुम्हीही सांगा लोकांना. बघा कुणाला खरं वाटतं."

मागे भिंत धडाधड कोसळली आणि धुळीचा लोट व्हरांड्यात शिरला. आतून एका बाईच्या खोकण्याचा आवाज आला. ते वळून आत धावले. थोरलीच्या अंगावर सरसरून काटा आला. तो आनंदाचाच होता, हे ती पुढेही कधी नाकारणार नव्हती.

प्राचार्यांनी साहेबांकडे तक्रार केली, ती मात्र कानाआड झाली नाही. साहेबांनी तिला बोलावून दार लावून घेतलं.

"तुझी बहीण होती ती?"

"हो."

"मला सांगायला हवं होतंस. दोन वाटांत चांगली कोणती होती?"

"वसतिगृहामागची."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि घालत राहिले. "तुझ्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण मी तुझ्यावर डोळे मिटून सही केली. ते पुन्हा करणार नाही."

तिची बदली गटार विभागात झाली.

रस्ता सुरू झाला. मागचं फाटक चौकटीसकट काढून टाकलं होतं. वस्तीतली पोरं पुन्हा आत जाऊ लागली, कामगार, परिचारिका, पाव पोचवणारे सगळे त्या वाटेने जाऊ लागले. चढावर उतरून सायकल ढकलताना हमखास कुणीतरी म्हणायचं, कुठल्या शहाण्याने काढला हा रस्ता? आई रोज संध्याकाळी चालायला जायची ती त्याच वाटेने. कोपऱ्यावरच्या दुकानातही जायला लागली. दुकानदाराची बायको एकदा म्हणाली, "आम्हाला आधीपासून वाटतच होतं, पोरगी तशी नव्हती." आईने सामान तिथेच ठेवलं आणि पुढच्या गल्लीतल्या दुकानातून आणलं.

बंगल्यातली दोघं महिनाभरात निघून गेली. कुठे, ते थोरलीने विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती आईची औषधं आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेली. तिथे प्राचार्य रांगेत होते. कोट सैल झाला होता. चाकांच्या खुर्चीत एक बारीकशी बाई, गुडघ्यांवर शाल. त्यांनी थोरलीला पाहिलं आणि खुर्ची भिंतीकडे ओढून घेतली, जसं अनोळखी माणसाला वाट देतात.

खुर्ची ओढताना शाल घसरून खाली पडली. थोरलीच्या पायाशीच. तिने वाकून ती उचलली आणि बाईच्या गुडघ्यांवर ठेवली.

"देव तुमचं भलं करो," बाई हसून म्हणाल्या. "हल्ली कोण वाकतं कुणासाठी?"

प्राचार्य काउंटरकडे बघत राहिले.

थोरलीने औषधं घेतली, सुटे पैसे न मोजता पर्समध्ये टाकले. घरी आईने विचारलं, "एवढा उशीर?"

"गर्दी होती," ती म्हणाली आणि औषधांची पिशवी आईच्या हातात दिली.