दुसरं नाव

“एका नावावर झाड भेटत नाई, लच्छूभाऊ!” कॉलनीचे अध्यक्ष गुणवंतरावांनी भर सभेत ठणकावलं.

नियम माझाच होता. गेल्या मे महिन्यात लग्नांसाठी माणसं गावोगाव गेली आणि आमच्या गडचांदूरच्या कॉलनीतली बत्तीस रोपं उभ्या उभ्या वाळली. म्हणून यंदा झाडांच्या पालकांची यादी करताना मी ठरवलं, एका झाडाला दोन पालक. एक गावाला गेला की दुसऱ्यानं पाणी घालायचं. मोठी शहाणी मी!

लच्छूभाऊ मागे टोपी मुठीत धरून उभे होते. वर्षभरापूर्वी आलापल्लीहून येऊन शेवटच्या खोलीत राहिलेला हा म्हातारा कुणाशी फारसा बोलत नसे, त्याच्याकडे कुणी जातही नसे.

“तीस वर्षं रोपवाटिकेत होतो, रंजीताबाई,” ते मला म्हणाले. “लाखानं रोपं केली. ट्रक यायचा, भरून न्यायचा. एकबी झाड मोठं होताना नाई पाह्यलं. मले एक द्या ना.”

“मग दुसरं नाव सांगा.”

त्यांनी मुठीतली टोपी उलगडली. “अन्नपूर्णा. माही बायको.”

“त्या काऊन नाई आल्या?”

“तिले गर्दी नाई जमत.”

मी नाव लिहून घेतलं. त्यांच्या खोलीसमोर कडुनिंब आला.

लावायच्या दिवशी अर्धी कॉलनी प्लास्टिकच्या पिशवीसकट रोपं खड्ड्यात ठेवायला निघाली. अरे देवा! लच्छूभाऊ ब्लेड घेऊन खड्ड्याखड्ड्याशी धावले, प्रत्येक पिशवी कापून दिली. “अन्नपूर्णा दिवसाले पाचशे पिशव्या भरे,” असं कुणालाही सांगत होते. ऐकायला कोण थांबलं होतं?

पुढच्या मे महिन्यात मी रजिस्टर घेऊन तपासणीला निघाले. दोन्ही पालकांच्या सह्या नसतील तर झाड शेजाऱ्याकडे, हेही माझंच डोकं. संध्याकाळी सहालाही अंग भाजत होतं. सगळी झाडं सिमेंट कारखान्याच्या धुळीनं पांढरट झाली होती. हा कडुनिंब तेवढा हिरवागार, पानं धुतलेली. लच्छूभाऊ डब्यानं पाणी घालत होते.

“सही करा भाऊ. अन् बाईंना बोलवा.”

त्यांनी सही केली. पेन हातातच राहिलं.

“ती वारली, बाई. आलापल्लीलेच. तीन वर्षं झाली.”

मी रजिस्टरातलं ते नाव पाहिलं.

“खोटं बोललो मी. दुसरं नाव सांगाले माह्याजवळ कुणीच नव्हतं. पण खाडा नाई केला एकबी. सकाळी माही बारी, सांजीले तिची. झाड काढून नका घेऊ.”

मला ती सभा आठवली. चाळीस घरांची माणसं बसली होती. ‘माझं नाव घाला’ असं एकानंही म्हटलं नव्हतं. मीही नाही. लाजेनं मान वर होईना.

मी रजिस्टर हातावर धरलं आणि अन्नपूर्णाबाईंच्या नावापुढे ‘हजर’ लिहिलं. ते वाकून पाहत होते. अक्षरं लावून वाचायला त्यांना वेळ लागला.

“बसा बाई, चहा ठेवतो,” ते म्हणाले. “जराशेक थांबा. तिची बारी चालू हाये.”

आणि डब्यातलं उरलेलं पाणी ते बुंध्याशी हळूहळू ओतू लागले.