दुसरा स्पीकर

जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि उरलेला सगळा वेळ घरी व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवण्यात घालवायचा. सासऱ्याला हा उद्योग मुळीच पटत नसे. सासरा सुतार. लेकीच्या घरी तो पहिल्यांदा गेला तेव्हा जावयाने हौसेने आपला अ‍ॅम्प्लिफायर दाखवला. पत्र्याच्या डब्यावर जाडजूड ट्रान्सफॉर्मर आणि जुन्या रेडिओत असतात तसे काचेचे व्हॉल्व्ह, आत नारिंगी तार मंद पेटलेली.

"जोर किती याचा?" सुताराने विचारलं.

"तीन वॅट."

"तीन? आमच्या मोरीतला दिवासुद्धा यापेक्षा जास्त खातो, जावईबापू."

लेक हसून हसून बेजार झाली. लहानपणापासून तिच्या तोंडाला खळ नव्हता, म्हणून सुतार तिला 'बडबडी' म्हणायचा. सासऱ्या-जावयाचं बोलणं तिच्यामार्फतच चाले. ती चहा टाकायला आत गेली की दोघं 'काय उकडतंय' एवढं म्हणून गप्प बसायचे.

मग बडबडी आजारी पडली. आजार रक्ताचा होता. उपचारांनी तिचं डोकं इतकं हळवं झालं, की साधं भांडं पडलं तरी ती कान झाकून घ्यायची. गाणं मात्र तिला हवं असे. पण घरातले स्पीकर लहान आणि हट्टी. आवाज हळू ठेवला की गाण्यात प्राणच उरत नसे, शब्द तेवढे कळायचे. जरा वाढवला की तिला सोसत नसे, आणि तीन वॅटचा जीव तो केवढा, आवाज फाटायलाही लागायचा.

"मग मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणा की," सुतार म्हणाला.

"त्याने काही होणार नाही. स्पीकर हलका हवा. यांचा आतला पडदा हलवायलाच इतका जोर लागतो, की हळू आवाजात बारीकसारीक काही ऐकूच येत नाही." जावई जरा घुटमळला. "एका बंद पडलेल्या थिएटरातले दोन मिळालेत मला. रुंद कागदी पडदा, फुंकर मारली तरी थरथरतो. पण त्यांना पेटी लागते. मोठी, आतून वळणं घेत गेलेली, कर्ण्यासारखी. ती मला जमायची नाही."

"कागदावर काढून द्या," सुतार म्हणाला. "आणि फूटपट्टी घेऊन काढा, अंदाजपंचे नको."

त्यानंतर जावई कामावरून सुटला की थेट सुताराच्या कारखान्यात जाऊ लागला. वळणांवरून दोघांची जुंपायची. एवढासा आवाज काढायला एवढं कपाट कशाला, हे सुताराला उमगत नव्हतं. जावई सांगायचा, की अ‍ॅम्प्लिफायर अशक्त आहे म्हणूनच पेटीने त्याला साथ द्यायला हवी. घरी आल्यावर दोघंही बडबडीकडे एकमेकांच्या तक्रारी करायचे. ती उशीला टेकून दोघांचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं झालं, माझ्या पाठीमागे तुम्ही बोलताय तरी."

पहिली पेटी झाली. जिन्याच्या वळणावर ती अडकली, भिंतीचा पोपडा निघाला, खालच्या काकू बडबडल्या. शेवटी ती पलंगासमोर उभी राहिली. जावयाने तारा जोडल्या, व्हॉल्व्ह तापू दिले आणि बटण अगदी नावापुरतं फिरवलं. तंबोरे सुरू झाले. सुताराने बोलायला तोंड उघडलं तशी बडबडीने हात वर केला.

"बोलू नका."

गाणं संपेपर्यंत ती डोळे मिटून पडली होती. मग म्हणाली, "बाबा, ती बाई श्वास घेतेय. मला आजवर ऐकूच आला नव्हता."

सुतार पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"दुसरा कधी?" तिने विचारलं.

"लगेच घेतो करायला."

"घाई नका करू. नीट करा."

पण त्याने घाई केली. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळीच कारखाना उघडू लागला. त्याच आठवड्यात एका दुपारी तो करवतीच्या मशीनवर फळी कापत होता. फोन शेजारच्या बाकावर भुशात पडला होता, वाजून वाजून थांबत होता. मशीनच्या आवाजात त्याला काही कळलं नाही. फळी निम्मी कापून झाली आणि सहज मान वर केली, तर दारात जावई उभा होता. अंगात घरातला सदरा, पायात काही नाही. सुताराने मशीन बंद केलं. पातं गरगरत हळूहळू थांबलं. भुशाने माखलेल्या अंगानेच तो जावयामागून निघाला.

निम्मी कापलेली फळी तशीच मशीनवर राहिली. कारखान्याला कुलूप लागलं. बाहेरची कामं सुतार गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन उरकू लागला.

बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी जावई किल्ली मागायला आला. "दुसरी पेटी पुरी करतो म्हणतो."

"कुणासाठी?"

जावयाने हात तसाच पुढे धरला. सुताराने किल्ली दिली. थोड्या वेळाने राहवेना म्हणून मागोमाग गेला. जावई मशीनशी उभा होता, फळी वाकडी धरून, बोटं पात्याच्या अगदी जवळ.

"अरे, बोटं घालवशील! सरक तिकडे."

त्याने फळी हातात घेतली. मशीन सुरू करायला मात्र त्याचा हात होईना. तेव्हा जावयाने पुढे होऊन बटण दाबलं.

पेटी पुरी झाली. ती वर नेली, तेव्हा खालच्या काकूंनी आपणहून जिन्यातल्या चपला बाजूला केल्या. पलंग आता खोलीत नव्हता. दोन्ही स्पीकर भिंतीशी उभे केले आणि जावयाने तेच गाणं लावलं. बाईचा आवाज दोन पेट्यांच्या मधून आला, जिथे काहीच नव्हतं तिथून. सुतार कितीतरी वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला.

"मला फोन ऐकू आला नाही रे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"ती काही म्हणाली का?"

"बाबा कुठेत, विचारलं. मी म्हटलं, दुसरी पेटी कापताहेत." जावई व्हॉल्व्हकडे बघत होता. "हसली."

"खरं सांगतोयस?"

"हो."

गाणं चालू होतं. सुतार खाली फरशीवर बसला, गुडघ्यांना हातांची मिठी घातली आणि हुंदका आवरायचं त्याने सोडून दिलं. जावई उठला, बटणापर्यंत गेला, पण गाणं बंद न करता तसाच परत येऊन त्याच्याशेजारी बसला.