जानूच्या पाठीमागचं जाळं

मी एक जुनं जाळं आहे, मित्रांनो, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी मला एकही मासा न पकडता मिळाली. जाळ्याच्या जातीला ही खरं तर लाजेची गोष्ट. पण मला तिचा अभिमान वाटतो. का, ते सांगतो.

माझा जन्म तळवलीचा. ठाण्याहून बेलापूरकडे जाताना खाडीच्या अंगाला ते गाव लागायचं. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि त्यांच्या पलीकडे खाडी. रामचंद्र नावाच्या एका शांत माणसाने मला आपल्या ओटीवर बसून विणलं. तागासारख्या सणाचं सूत, बांबूची सुई आणि तोंडात कायम अर्धवट विझलेली विडी. विणून झाल्यावर झाडाची साल उकळलेल्या लाल पाण्यात त्याने मला बुडवून काढलं, म्हणजे खारं पाणी मला लवकर खाणार नाही. मी म्हणजे खाडीत खुंट मारून आडवं बांधायचं जाळं. भरतीबरोबर वर चढलेली मासळी ओहोटीला परत निघाली की माझ्यात अडकायची.

रामचंद्रची बायको धोंडूबाई. आवाज असा की ती दारात बोलली तर मिठागरावरचे बगळे उडावेत. मला खाडीवर न्यायच्या आधी ती माझ्यावर हात फिरवायची आणि म्हणायची, "भरून ये." एवढंच. पण हे म्हटल्याशिवाय तिने मला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. भरलं जाळं म्हणजे पेटलेली चूल, हे तिचं साधं गणित होतं आणि ते कधी चुकलं नाही.

मग एका पावसाळ्यात रामचंद्र तापाने गेला. मी कितीतरी दिवस ओटीच्या आढ्याला नुसता लोंबत राहिलो. शेवटी त्याचा एकुलता एक मुलगा जानू मला खांद्यावर टाकून खाडीवर निघाला. मिसरूड फुटलेलं पोर, पण हात बापासारखे लांब. धोंडूबाईने डोळे पुसले, माझ्यावर हात फिरवला आणि "भरून ये" म्हणाली. त्या दिवशी मी खरोखर भरून आलो. मला वाटतं, मासळीलाही कळलं असावं.

आता यात फुटबॉल कसा आला, ते सांगतो. तो आला तळोज्याच्या इद्रीसभाईंबरोबर. हे रामचंद्रचे जुने दोस्त. बोटीवर खलाशी होते, वर्षादोन वर्षांनी घरी यायचे. ब्राझीलने पहिल्यांदा जग जिंकलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते दोस्ताच्या मुलाला भेटायला आले ते एक चामड्याचा बॉल आणि परदेशी वर्तमानपत्रातलं एक चित्र घेऊन. चित्रात ब्राझीलचा उंच गोलकीपर होता. जिंकल्यावर त्याच्याच संघातला एक कोवळा पोर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता.

"हा माणूस बघ, जानू," इद्रीसभाई म्हणाले. "सांतोस बंदरात सगळे याचंच नाव घेतात. गोल खाल्ला तरी तोंड वाकडं करत नाय. बॉल काढतो, पुसतो, परत देतो. सगळा संघ याच्या जिवावर पुढं पळतो."

जानूने ते चित्र दाराच्या आतल्या बाजूला भाताच्या खळीने चिकटवलं. त्या गोलकीपरचं नाव गावात कोणाच्या जिभेवर बसेना. पण भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात पोरं खेळायला लागली आणि जानू दोन बांबूंमध्ये उभा राहिला, तेव्हा गावाने त्यालाच नाव देऊन टाकलं: ब्राझील. "ओ ब्राझील, चिंबोऱ्या हायत का?" असं लोक बाजारात विचारायचे आणि जानू लाजून मान खाली घालायचा.

अडचण एकच होती. गोलात गेलेला बॉल मागच्या मिठागरात पडायचा आणि निम्मा खेळ चिखलात बॉल शोधण्यात जायचा. म्हणून जानूने आईकडे मला मागितलं.

"बापाचं जालं?" धोंडूबाई कडाडली. "चेंडू धरायला?"

"आये, बाबा माघारी हाय असं वाटंल मना," जानू म्हणाला.

यावर ती विरघळली, पण तिने अट घातली. पुनवेच्या नि अमावास्येच्या उधाणाला जाळं खाडीचं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याला ओढ नसते, तेव्हा जाळं पोराचं. म्हणून तळवलीचे सामने तिथी पाहून ठरायचे. आणि जाळं एकच असल्यामुळे अर्धा खेळ संपला की मला एका टोकाकडून सोडून दुसऱ्या टोकाला, पुन्हा जानूच्याच मागे बांधायचे. समोरच्या गोलाला नुसते बांबू. परगावचे संघ पोट धरून हसायचे. हसू देत. मला त्या पोराची पाठ सोडवत नव्हती.

पहिला सामना बघायला धोंडूबाई स्वतः आली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. पाहुण्यांनी पहिला गोल मारला, बॉल धप्पकन माझ्यात येऊन अडकला, आणि ही बाई टाळ्या पिटत उभी राहिली.

"गावला! जानूच्या जाल्यात गावला!"

मित्रांनो, तिचं काय चुकलं? जन्मभर तिने एकच गोष्ट पाहिली होती: जाळ्यात आलं की आपलं. त्या दिवशी माझ्यात तीनदा बॉल आला. तळवली हरली, पोरं माना खाली घालून बसली आणि धोंडूबाई मात्र घरी जाऊन तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली, पोराचं जाळं तीनदा भरलं म्हणून.

संघाचा कप्तान पंढरी म्हणाला, "जानू, म्हातारीला सांग की रं खरं काय ते."

"नको," जानू म्हणाला. "बाबा गेल्यापासून ती एवढी हसली नव्हती. कोनीच सांगू नका तिला."

पोरांनी जीभ आवरली खरी, पण त्यातून नवीनच दुखणं उभं राहिलं. जानू दिवसेंदिवस चांगला खेळायला लागला. धोंडूबाई टोपली घेऊन बाजाराला जायची, त्यामुळे पुढचे सामने तिने पाहिले नाहीत. संध्याकाळी ती विचारायची, "आज काय गावलं?" आणि जानू खालच्या आवाजात सांगायचा, "काय नाय, आये." पोर जितकं जिंकत होतं तितकी आई खंगत होती. मला खुंटीवरून सगळं दिसायचं आणि हसावं की रडावं ते कळायचं नाही. शेवटी तिने गावदेवीला नवस बोलला: माझ्या जानूचं जालं भरू दे, नारळ देईन.

हे जानूला कळलं ते नेमकं बक्षिसाच्या ढालीच्या सामन्याच्या सकाळी. पनवेलचा संघ येणार होता. गावाने असा सामना कधी पाहिला नव्हता. आणि धोंडूबाई टोपली बाजूला ठेवून, हातात नारळ घेऊन तयार बसली होती. तिने माझ्यावर हात फिरवला. "भरून ये," ती अगदी जिवापासून म्हणाली. जानूचा चेहरा उतरला. ढाल जिंकायची तर आईचा नवस मोडायचा, आणि आईला हसवायचं तर गाव हरवायचं. बिचारा मला उचलून चालायला लागला.

तळवलीने लवकरच एक गोल केला. मग पनवेलकरांनी हल्ल्यावर हल्ले चढवले. जानू उजवीकडे झेपावला, डावीकडे झेपावला, पोटाशी बॉल घेऊन मातीत लोळला. प्रत्येक वेळी कडेने धोंडूबाईचा तो आवाज यायचा, "अरं, येऊ दे की आत! हातानं कशाला आडवतंस?" सगळं मैदान हसत होतं. जानूची पाठ मात्र माझ्यासमोर होती, आणि ती थरथरत होती. दुसऱ्या डावात साधा, सरळ येणारा बॉल त्याच्या हातातून निसटला. सुदैवाने बांबूला लागून बाहेर गेला. त्या क्षणी मला भीती वाटली. ब्राझीलचे हात आईच्या आवाजाने बांधले गेले होते.

खेळ संपत आला असताना पनवेलला पेनल्टी मिळाली.

इद्रीसभाई त्या वेळी रजेवर होते, गर्दीतच होते. त्यांना राहवेना. ते धोंडूबाईजवळ येऊन उकिडवे बसले.

"वहिनी, रागवू नका. हे जाळं भरायचं नसतं. ते राखायचं असतं. आत बॉल गेला की दुसऱ्याचा फायदा. जानू राखणीला उभा हाय."

धोंडूबाई त्यांच्याकडे वळली. "म्हंजे तो रोज सांगायचा, काय नाय गावलं..."

"तेव्हा तो जिंकून यायचा."

"आन् मना बोलला नाय?"

"तुम्ही हसत होतात, वहिनी. ते हसू त्याला मोडवेना."

तिने हातातल्या नारळाकडे पाहिलं. मग पदर खोचून ती तडक गोलामागे आली. पंचाने हटकलं, तिने ऐकलं नाही. तिचा खरखरीत हात माझ्या गाठींवरून फिरला, रामचंद्रने मारलेल्या गाठींवरून. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला.

"रिकामं ऱ्हा," ती म्हणाली. "ऱ्हा रं रिकामं."

जानूने ते ऐकलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याच्या पाठीची थरथर थांबली. बॉल आला तो खालून, डाव्या बांबूच्या अंगाने. जानू आडवा पडला आणि ते बापासारखे लांब हात बॉलवर बसले. मी वाऱ्यानेसुद्धा हललो नाही.

नंतर काय झालं म्हणता? ढाल तळवलीला मिळाली. पोरं जानूला खांद्यावर घ्यायला धावली, पण तो आधी आईकडे आला, आणि दारावरच्या चित्रातल्या त्या पोरासारखं तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. तीही रडली, मग नाक पुसून गावदेवीच्या देवळात गेली आणि नारळ फोडला.

पंढरी म्हणाला, "काकी, देवी तर नवसाला पावली नाय. नारल कसला?"

"देवीनं माझं ऐकलं नाय," धोंडूबाई म्हणाली, "त्याचा."

त्यानंतर जानू पुष्कळ वर्षं खेळला. ब्राझीलने दुसऱ्यांदा जग जिंकलं तेव्हा तळवलीत पेढे वाटले गेले, जणू जानूच तिकडे जाऊन आला होता. पण मग नायलॉनची जाळी आली. हलकी, न कुजणारी, स्वस्त. सणाच्या जाळ्याला कोण विचारतो? रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहिले, जानू त्यातल्या एकात कामाला लागला आणि कंपनीच्या मैदानावर पांढऱ्या जाळीसमोर खेळू लागला. मी आधी माळ्यावर गेलो, मग परसात आलो. आता जानूची बायको दमयंती हिच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर मी पसरलेला आहे. कोंबड्या चांगल्या आहेत, तक्रार नाही. पण पाऊस लागून माझ्या गाठी सैल होत चालल्या आहेत आणि रामचंद्रने मारलेली गाठ सुटली की ती पुन्हा मारणारं कोणी नाही, याचं वाईट वाटतं.

धोंडूबाई आता फार थकली आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही. तरी सकाळी चाचपडत परसात येते. तिचा हात माझ्यावर पडला की ती थबकते आणि विचारते,

"आज खाडीला, का खेलाला?"

आधी विचारते, कारण त्यावर तिला काय म्हणायचं ते ठरतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाच्या तरी हातच्या गाठींचं काहीतरी जुनं पडलेलं असेल. ते टाकून देण्याआधी एकदा त्याच्यावरून हात फिरवा. आणि तुमच्या माघारी उभं राहून कोणी चुकीचंच मागणं मागत असेल, तर हसू नका. तिला एकदा जवळ बसून नीट सांगा. मग ती काय मागते, ते ऐका.