भोंग्याआधीची हाक

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवावा असा आग्रहही नाही. पण टिमकी मोहल्ल्यातल्या भागीरथाबाईनं आपल्या पोराची सोयरीक स्वतः मेल्यावर जमवली. चांगली तेरवी उरकून, लोक जेवून हात धुऊन गेल्यावर. ज्याला हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्यावं, पुढं हसायला जागा नाही.

भागीरथाचा एकुलता एक लहानू. नाव लहानू, पण सोळाव्या वर्षीच दारातून वाकून जायचा. कोष्ट्याचं पोर, मागावर बसलं की उठायचं नाव नाही. धोट्याची खटखट त्याला गोड लागे. पण संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की कानात कोणी तापलेली सळई घातल्यासारखा जमिनीवर लोळायचा. माणसाच्या तोंडाकडे बघणं त्याला जमत नसे. आणि खोटं बोलणं तर मुळीच नाही. मामीनं एकदा नवं लुगडं नेसून विचारलं, "कशी दिसून राहिली गा मी?" तर हा म्हणाला, "बोऱ्यात कांदे भरल्यावानी." मामी पुन्हा त्या घरची पायरी चढली नाही. गल्लीत मात्र त्याला मान होता. भांडण झालं की साक्षीला लहानूच लागे.

माय त्याला ओळखून होती. भोंग्याच्या जरा आधी रोज अंगणातून तिची हाक यायची, "लहान्या, कान झाक गा, भोंगा वाजते आता!" त्यानं कान झाकले की भोंगा झाला. हा नेम कधी चुकला नाही.

कुडाच्या भिंतीपलीकडे धोंडबाचं घर. त्याची पोरगी देवकी लहानूहून वर्षभरानं धाकटी. तिला विचारलं, "जेवली का वं?" तर ती म्हणे, "जेवली का वं?" आणि विचारणाऱ्याच्याच आवाजात! संत्रेवाल्याची आरोळी, मास्तरांचा खोकला, सगळं तिच्या गळ्यात जसंच्या तसं. स्वतःचं असं एक वाक्य मात्र तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

त्या कुडाला एक भोक होतं. लहानू त्यातून रंगीत सुताच्या उरलेल्या कांड्या तिच्याकडे सारायचा. ती सूत बोटांना गुंडाळायची, उलगडायची, पुन्हा कांडी भरून परत द्यायची. तो म्हणे, "जांभळा." ती म्हणे, "जांभळा." तो म्हणे, "मोरपंखी." ती म्हणे, "मोरपंखी." शब्द धोट्यासारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाकीचे लोक लहानूला म्हणत, वर बघ, नीट बोल. देवकी काही म्हणत नसे. दोघं भिंतीला दोन्हीकडून पाठ लावून बसत. मधला कूड ऊन नसतानाही कोमट लागायचा, आणि लहानूला तेवढं पुरत होतं.

एका हिवाळ्यात भागीरथा तापानं गेली. मग भोंगा न सांगता येऊ लागला. लहानूनं नखांनी कानामागं रक्त काढलं.

आणि एका संध्याकाळी, कंदील पेटायच्या वेळी, अंगणाकडून आवाज आला, "लहान्या, कान झाक गा, भोंगा वाजते आता!"

मागावर बसलेल्या लहानूच्या बापाच्या हातचा धोटा खाली पडला. शेजारच्या यमुताईच्या चुलीवर भाकर जळत राहिली, तिला ती उलटायचं सुचेना. आवाज भागीरथाचाच होता. शेवटी धाप लागायची तीसुद्धा. लहानूनं कान झाकले. भोंगा झाला. मायच्या मरणानंतर पहिल्यांदाच तो लोळला नाही.

मग रोज तेच. बाया उन्हातच पाणी भरून दारं लावू लागल्या. उंबऱ्यांवर लिंबं आली. गल्लीतली कुत्री त्या वेळेला धोंडबाच्या ओट्याकडे तोंड करून उभी राहत, पण भुंकत नसत. आणि एके दिवशी यमुताईनं दाराच्या फटीतून पाहिलं: आवाज देवकीच्या तोंडून येत होता.

धोंडबानं ठरवलं, कन्हान नदीपलीकडच्या भगताकडे पोरीला ठेवायचं. तिथं भूत निघेपर्यंत साखळीला बांधत. तिथून पोरी परत येत, पण मग कधी बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिक्षा दारात उभी राहिली. अख्खी गल्ली जमली. लहानूला गर्दी म्हणजे अंगावर मुंग्या. पण आज देवकी गेली की भोकापलीकडे अंधारच उरणार, एवढं त्याला कळलं. लोकांना ढकलत तो रिक्षासमोर उभा राहिला.

"भूत नाही ते," तो धोंडबाच्या पायांकडे बघत म्हणाला. "भूत असतं तर काही नवीन बोललं असतं. हे सारं माय बोलत होती तेच हाये. देवकीनं ऐकून ठेवलं."

यमुताई म्हणाली, "पोरगं खोटं बोलत नाही गा, धोंडबा."

"मंग भूत नाही तर काय हाये?" धोंडबा ओरडला. "पोरगी पागल हाये म्हन की! भगताकडं नाही, पागलखान्यात नेतो. हो बाजूले!"

 खरं बोलून असं उलटंही होतं, हे लहानूला नवीन होतं. धोंडबानं देवकीचा दंड धरून तिला रिक्षात चढवलं. भोंग्याची वेळ झालीच होती. देवकीनं तोंड उघडलं, आणि आवाज भागीरथाचा आला, धाप लागलेला:

"धोंडबा, इले कुठीच नेऊ नको. इले माह्या लहान्याच्या घरी दे."

रिक्षावाला रिक्षा सोडून पळाला. धोंडबानं देवकीचा दंड सोडला. यमुताईनं विचारलं, "लहानू, तुही माय हे कधी म्हनली होती का गा?"

लहानूनं आठवून पाहिलं. मायची सगळी वाक्यं त्याला पाठ होती.

"नाही," तो म्हणाला. "हे नवीन हाये."

तेवढ्यात भोंगा झाला. धोंडबानं तिथंच धुळीत डोकं टेकलं. "भागीरथावयनी, चुकलो! देतो, तुह्याच घरी देतो!"

आणि दिली. दोघं लग्नाच्या वयाची झाल्यावर टिमकीतच मांडव पडला. तो आवाज पुन्हा कधी आला नाही. काम झालं, बाई निघून गेली. आता शहाण्यांनी सांगावं, न ऐकलेलं वाक्य देवकी बोलत नव्हती, आजही बोलत नाही. भागीरथानं ते जन्मात उच्चारलं नव्हतं, याला लहानूची साक्ष. मग ते वाक्य मेलेल्या बाईचं नाही तर कोणाचं? आहे कोणाकडे उत्तर?

ही गोष्ट सांगणं चाललं होतं त्याच ओट्याच्या टोकाला म्हातारा लहानू कांडी भरत होता. त्याच्या पाठीला पाठ लावून बसलेल्या, केस पिकलेल्या बाईनं मान वर केली नाही. तिचा आवाज बारीक होता, आणि गल्लीत दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

"खोटं," देवकी म्हणाली. "ते माहं होतं."