पांढऱ्या कापडाला बंदी

छावणीच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं कपडे धुणाऱ्या माणसाला सगळे ‘नीळवाले काका’ म्हणत. लढाई सुरू होऊन तीन महिने झाले आणि कर्नलसाहेबांचा हुकूम आला : छावणीत पांढरं कापड दिसता कामा नये. पांढरं कापड हाताशी असलं की सैनिकाला शरण जायची बुद्धी होते, असं साहेबांचं ठाम मत होतं.

काकांनी मुकाट्यानं चादरी, बनियन, साहेबांचे हातरुमालसुद्धा खाकी रंगात बुचकळून काढले. घोडं अडलं ते जखमांच्या पट्ट्यांपाशी. रंगवलेली पट्टी बांधली तर जखम चिघळणार. म्हणून काकांनी रीतसर अर्ज केला, पट्ट्यांचं काय करू? आणि साहेबांच्या मिशा पांढऱ्या आहेत, त्यांचं काय, हेही त्याच कागदावर विचारलं. मनात काही खोट नव्हती. हुकूम अर्धवट पाळायची त्यांना सवयच नव्हती.

संध्याकाळच्या आत त्यांच्या कागदावर ‘वेडा’ असा शेरा पडला, आणि काकांची रवानगी टेकडीमागच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तासभर प्रश्न विचारले आणि शेवटी पेन खाली ठेवलं.

“काका, तुम्ही ठणठणीत आहात. पण तसं लिहिलं तर उद्या परत त्या रंगाच्या पिंपापाशी जाल. इथं चाळीस खाटा आहेत, धुवायला कुणी नाही. आणि तो हुकूम वेड्यांना लागू नाही.”

“मग वेडाच लिहा,” काका म्हणाले.

काही दिवसांतच छावणीच्या पट्ट्याही वेड्यांच्या नावावर तिथं धुऊन, उकळून गुपचूप परत जाऊ लागल्या.

पंधरा दिवसांनी काकू भेटायला आल्या. वाटभर डोळे पुसून लाल झाले होते. पाहतात तर नवरा अंगानं भरलेला, गुणगुणत दोरीवर चादरी घालतोय, आणि दुसरं टोक एका माजी तोफखानेवाल्यानं नीट धरलंय. नवऱ्याला गुणगुणताना त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या तडक डॉक्टरबाईंकडे गेल्या.

“बाई, हे बरे कधी होतील?”

“लढाई संपेपर्यंत तरी आशा नाही.”

काकूंनी जरा विचार केला. “घरच्या माणसांनाही लागतं का हो हे?”

“लागू शकतं,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “इस्त्रीला माणूस हवंच आहे.”

काकूंनी हातातली पिशवी खुंटीला अडकवली आणि इस्त्री कुठे ठेवता म्हणून विचारलं.