निरोगी माणसाचं रक्त

मिझुहो कुराताला आपल्या बापाची लाज वाटायची आणि ती हे लपवायचीही नाही. क्योटोतल्या एकाच प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी होती, त्यामुळे त्या लाजेतला वाटा मला रोज सकाळी मिळायचा.

"ओरिए, बाबा काल परत जिन्यावरून पडले. म्हणे, मी प्यायलो नाही. मग काय जिना प्यायला होता?"

गेन्झोकाका, म्हणजे तिचे वडील, मिठाईचे लाकडी साचे कोरायचे. हात असा, की पाकळीची शीरसुद्धा साखरेत उठायची. साठी उलटली आणि पटाशी भलतीकडे जायला लागली. पुढे पाय फाकवून चालणं आलं, मग जीभ जड झाली. संध्याकाळी पेलाभर साके, म्हणजे तांदळाची दारू, घ्यायची सवय जन्माची. गल्लीनं दोन अधिक दोन केले आणि मुलीनं उत्तर मान्य केलं. तिनं बाटल्या मोरीत ओतल्या. बापाला कुठं बाहेर न्यायचं झालं, की आधी त्याचं तोंड हुंगायचं, असा नेमच करून टाकला.

"आणि वास नाही आला तर?" मी एकदा विचारलं.

"वास न येणारी घेत असतील. बेवडे भारी हुशार असतात."

मीही हसले होते, हे आधीच सांगून टाकते. मी काही फार शहाणी नव्हते.

आमचं काम एका आनुवंशिक आजारावर. यात लहान मेंदू हळूहळू झिजतो आणि माणसाचा तोल जातो. जिवंत माणसाच्या डोक्यातून पेशी काढता येत नाहीत, म्हणून रोग्याचं थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना उलटं मागे नेऊन स्टेम सेल, म्हणजे कुठलंही रूप घेऊ शकणाऱ्या मूळ पेशी, बनवायच्या, मग महिनोन् महिने त्यांचे लाड करून मेंदूच्या पेशी वाढवायच्या आणि डिशमध्ये त्या कशा बिघडतात ते पाहायचं. रोगी आमच्या नजरेला पडत नाही. येते ती नंबर घातलेली नळी. आजाराची चाल आम्हाला पाठ होती, चालणारा माणूस मात्र पाहिलेला नव्हता.

तुलनेला निरोगी माणसाच्या पेशी लागतात. त्यासाठी गावभर हिंडण्यापेक्षा प्रयोगशाळेतलंच कुणीतरी बाही वर करतं. आमच्याकडे मिझुहोनं केली. घरात कुणाला मेंदूचा आजार आहे का, असं विचारलं, तर म्हणाली, "आजार नाही. एक दारुडा आहे, चालेल?"

सगळे हसलो. चाललं.

एप्रिलमध्ये चेरी फुलल्यावर आम्ही सगळे नदीकाठी निळी ताडपत्री टाकून जेवायला बसलो. मिझुहोनं बापाला आणलं, कारण घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. ताडपत्रीवर बसण्याआधी तिनं त्यांना झाडाआड नेलं. ते वाकले, तोंड उघडलं, तिनं हुंगलं. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पुढं काका कपातला बार्लीचा चहा प्यायला गेले आणि तो सगळा हिगाकी सेन्सेईंच्या मांडीवर सांडला. सेन्सेई आमचे प्रमुख. सगळे गप्प झाले. म्हणून मी, वातावरण हलकं करणारी मोठी, म्हणाले, "काका, नदीकडे जाऊ नका हं, तिलाही चढायची!"

हशा पिकला. काकाही हसले. मिझुहो तेवढी हसली नाही. तिनं बापाच्या हातातला कप काढून घेतला आणि नंतर त्यांना घासही स्वतःच भरवला, सगळ्यांसमोर.

जूनमध्ये डिश तपासल्या. रोग्यांच्या पेशींत प्रथिनाच्या गुठळ्या दिसल्या, त्या दिसणारच होत्या. निरोगी पेशींतही तशाच गुठळ्या होत्या. दोन वर्षांचं काम पाण्यात.

मिझुहो तडक नारुसेवर धावून गेली. नारुसे दोन मुलांचा बाप, पण हुद्द्यानं आमच्याहून धाकटा. पेशींना रविवार कळत नाही, म्हणून रविवारी त्यांना खाऊपिऊ घालायला यायचं काम त्याच्या गळ्यात.

"तुम्ही डिश अदलाबदल केल्यात! झोपेत होतात की काय?"

आमच्याकडे आरोप झाला, की माणूस आधी वाकतो, खरंखोटं नंतर. नारुसे कमरेत वाकला. "माझ्या निष्काळजीपणामुळे सगळ्यांना त्रास झाला. क्षमा असावी." झालं. वाकला म्हणजे कबूल केलं, असं सगळ्यांनी धरलं. त्याला पेशींच्या खोलीत जायची बंदी झाली. मी शेजारी उभी होते. तो माणूस झाकणावरचा नंबर दोनदा वाचल्याशिवाय डिश उघडत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

सेन्सेईंनी मात्र पेशी नक्की कुणाच्या, याची तपासणी करायला लावली. उत्तर आलं तेव्हा त्यांनी मिझुहोला बोलावलं. तिनं मलाही ओढत नेलं, माझा काय संबंध कोण जाणे.

"अदलाबदल झालेली नाही," सेन्सेई खाली बघत म्हणाले. "पेशी तुमच्याच आहेत, कुराता-सान. पुढं तपासायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही."

तिला समजायला वेळ लागला नाही. मलाही. गुठळ्या तिच्याच पेशींतल्या, आणि रक्त बापाचं. मला वाटलं, आता स्वतःचं काहीतरी बोलेल, रडेल.

"बाबा पाय फाकवून चालतात," ती म्हणाली. मग, "मी त्यांचं तोंड हुंगते."

दिव्याखाली अंधार म्हणतात. आमचा तर दिवाही आम्हीच धरला होता.

बाहेर येऊन ती नारुसेसमोर वाकली, इतकी खाली, की तो बिचारा मागं सरला. "असू दे हो," तो म्हणाला. "फक्त एवढं करा, माझ्या बायकोला एक फोन करा. कुठं लक्ष असतं तुमचं, असं विचारते रोज."

तिनं तिथंच फोन केला. मग मला म्हणाली, "घरी चल. मला एकटीला तोंड दाखवता येणार नाही."

भरदुपारी आम्ही पोचलो. काका ओसरीवर बसले होते, मांडीवर जुना साचा, कोरणी बाजूला. मुलगी अवेळी आली, सोबत पाहुणी, म्हणजे आता कुठंतरी जायचं असणार, असं त्यांना वाटलं. भिंत धरत उठले. पाय फाकवून एकेक पाऊल टाकत आले. ती चाल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, खरं म्हणजे.

मिझुहोनं "बाबा" म्हटलं.

काका तिच्यासमोर थांबले, सवयीनं वाकले, डोळे मिटले आणि तोंड उघडून "हाऽ" केलं. ती हलली नाही. त्यांनी पुन्हा केलं, जरा जोरात.

"नाही घेतली गं," ते जड जिभेनं म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. "हिला पटत नाही. तू बघतेस का?"

आणि माझ्यासमोर वाकून त्यांनी तोंड उघडलं. बार्लीच्या चहाचा वास होता.