तिसरा भाग, शेवटचा नंबर

"थांबव, थांबव. जरा मागे घे," मिस्त्री म्हणाले.

बायकोने रिमोट दोन्ही हातांत धरून बटण दाबलं. पडद्यावरचा बुटका कुलपू उलटा चालत पुन्हा विहिरीपाशी आला. त्याने हातपंपाचा दांडा एकदाच खाली दाबला आणि पाण्याचा जाडजूड फवारा अंगणभर उडाला.

"एका दाबात? असा पंप मला कुणी आणून दाखवावा, मी उद्यापासून घरी बसतो."

"अहो, तो जादूचा आहे."

"जादूचा तो आहे. पंप कुठे जादूचा आहे?"

तक्रारी लिहून घ्यायच्या वहीत मिस्त्रींनी 'चौथा भाग' असं लिहिलं आणि पुढे फुली मारली. चौतीस वर्षं लोकांचे पंप दुरुस्त करणारा हा माणूस भर शनिवारी दुपारी तीन तक्रारी पुढे ढकलून कार्टून बघत बसला होता. शेजाऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी डॉक्टरच बोलावला असता.

कुलपू हा मुळात एका मोठ्या चित्रपटातला चिमुकला नोकर. राजे, राक्षस, उडते घोडे वगैरे होते त्यात, आणि हा फक्त किल्ल्यांचा जुडगा घेऊन तीनदा दार उघडायला यायचा. पण मुलांनी राजाला सोडून यालाच डोक्यावर घेतलं, म्हणून मग त्याच्या एकट्याचे पाच चित्रपट निघाले. ते ज्या स्टुडिओत तयार झाले तिथे मिस्त्रींचा मुलगा आठ वर्षं चित्रं हलती करायचं काम करत होता. बाकीच्या भागांत त्याच्याकडे गर्दी असायची, बाजारातली माणसं, पळणारे सैनिक. तिसऱ्या भागात मात्र त्याला एक अख्खा प्रसंग मिळाला होता.

तो भाग पडला. पाचव्यानंतर काम थांबलं आणि मुलगा दोन महिन्यांपूर्वी घरी आला. गेल्या आठवड्यात स्टुडिओतल्या बाईंचा निरोप आला: सहावा भाग सुरू होतोय, येणार असशील तर रविवारपर्यंत कळव. मुलगा त्या दिवशी शिट्टी वाजवत अंघोळीला गेला होता. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या मामाने घरच्या ग्रुपवर कुठलीशी यादी पाठवली, 'कुलपूचे पाचही भाग, सर्वांत चांगल्यापासून सर्वांत वाईटापर्यंत'. मामाच्या मनात वाईट काही नव्हतं. भाच्याचं नाव कुठे असेल म्हणून त्याने कौतुकाने पाठवली, स्वतः न वाचता. तिसरा भाग तळाला होता. खाली लिहिलं होतं, 'दहा मिनिटं एक म्हातारा पंप दुरुस्त करतो. तेवढ्या वेळात आपण घरचा नळ दुरुस्त केला असता तर काहीतरी पदरात पडलं असतं.'

तेव्हापासून मुलगा गप्प झाला. बाईंना नाही म्हणून कळवणार आणि सोमवारपासून मामाच्या फरशीच्या दुकानात बसणार, असं त्याने ताटावरून उठता उठता सांगून टाकलं. काम समजून घ्यायला तो आतापासूनच तिकडे जाऊ लागला होता.

त्याने स्टुडिओत परत जावं असं मिस्त्रींना वाटत होतं. फरशी विकण्यात कमीपणा नव्हता, पण ती शिट्टी त्यांनी ऐकली होती. त्याला काहीतरी सांगावं, तर सांगणार काय? तिसरा भाग आला तेव्हा मुलाने फोनवर विचारलं होतं, "बाबा, पाहिलात?" आणि मिस्त्रींनी एका सोसायटीच्या टाकीवर उभं राहून सांगितलं होतं, "पाहिला, पाहिला. छान होता. मारामारी जोरात झालीय." पाहिला नव्हता. पाचांतला एकही पाहिला नव्हता. नंतर बघू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं, आणि एकदा पाहिला म्हटल्यावर बायकोला लाव म्हणायचीही चोरी झाली होती. ती चोरी मोडून ते आता बसले होते. बायकोने एका शब्दाने विचारलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

पाचव्या भागात समुद्राखाली राजवाडा होता. दारं सताड उघडी आणि आत सगळं कोरडं. "ह्यांच्याकडून वॉटरप्रूफिंग करून घ्यायला पाहिजे," मिस्त्री म्हणाले आणि वहीत लिहिलं. तिसरा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. वाईट निघाला तर काय करायचं, ही धाकधूक होती.

तो लागला तेव्हा बायकोने रिमोट त्यांच्या हातात दिला आणि पदराला हात पुसत बाजूला बसली. पाऊण तासाने विहीर आली, पंप आला, आणि मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. दांडा सैल होता, वर-खाली नुसता खडखडत होता. आतला वॉशर वाळला की असंच होतं. मग वरून मगभर पाणी ओतलं गेलं. पाइपाला कान लावून झाला. दांडा हळूहळू जड व्हायला लागला, पंपाने दोन-तीनदा हवा ओकली, मग गंजाचं तांबडं पाणी आलं, थांबलं, पुन्हा आलं, आणि मग स्वच्छ. कुठेही घाई नव्हती. आपल्या पोराने आपलं पाणी इतकं नीट लक्षात ठेवलं, याचा त्यांना इतका आनंद झाला की बायको पडद्याकडे न बघता आपल्याकडेच बघतेय, हे त्यांना कळलंच नाही.

रविवारी दुपारी तिघं जेवायला बसले तेव्हा वही त्यांच्या मांडीशी होती.

"मी पण एक यादी केलीय," मिस्त्री म्हणाले.

मुलाने मान वर केली. "कसली?"

"तुझ्या कुलपूची. तिसरा एक नंबर. मग पहिला, मग दुसरा, मग पाचवा. चौथा शेवटी, आणि तोही दया म्हणून ठेवलाय."

मुलाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "तिसरा का?"

"पाणी खरंय म्हणून. आधी हवा, मग गंज, मग पाणी. ती यादी लिहिणाऱ्यांना काय ठाऊक, नळ सोडला की पाणी येतं एवढंच माहीत. तू काढलंस ते पाणी कुणाच्या बापाला..." मिस्त्रींनी वही मिटली. "तू जा तिकडे. बाईंना हो म्हण."

मुलाने ताटातला भात कालवायला घेतला.

"पाणी माझं नाही, बाबा. पाणी करणारे वेगळे असतात. पंप पण दुसऱ्याने केला, मी फक्त त्याला सांगितलं कसा असतो ते."

"मग तुझं काय?"

"तो म्हातारा."

"कोण?"

"पंप दुरुस्त करतो तो. त्याचं बसणं, उठणं, पाइपाला कान लावताना एक डोळा मिटणं. सात महिने तेवढंच करत होतो."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मी पहिल्यांदा पाहिला तेव्हाच ओळखलं, अहो. तुम्हीच आहात तो."

कान लावून बसलेला माणूस मिस्त्रींनी कधी पाहिला नव्हता, कारण तो नेहमी तेच असायचे. त्यांनी आठवून पाहिलं. पंप आठवला, दांडा आठवला, पाण्याची धारही आठवली. म्हाताऱ्याचा चेहरा काही आठवेना.

"आणि तो बुटका तेव्हा काय करत असतो?" त्यांनी विचारलं.

"मागे उभा असतो. मुठीत काहीतरी घेऊन आलेला असतो दाखवायला."

"मग?"

"मग काय. म्हातारा मागे वळून बघेल म्हणून थांबतो."

"बघतो का?"

मुलगा पहिल्यांदाच नीट त्यांच्याकडे बघून बोलला. "आई म्हणाली, तुम्ही कालच पाहिलात ना?"

मिस्त्रींनी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"नाही बघत," बायको म्हणाली. "शेवटपर्यंत नाही बघत."

"तेव्हा मी पाहिला नव्हता," मिस्त्री म्हणाले. "फोनवर खोटं बोललो तुझ्याशी."

"माहितीये. मारामारी जोरात झालीय म्हणालात. तिसऱ्यात मारामारी नाहीये." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. "जाऊ दे, बाबा. यादीवाल्याने निदान पाहून शेवटचा नंबर दिला."

तो ताट घेऊन मोरीत गेला. हात धुऊन, टॉवेलला नीट पुसून त्याने तिथेच उभ्या उभ्या फोनवर दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. काय लिहिलं ते कुणी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बूट चढवायला बसला. आईने दुकानात न्यायचा डबा आणून त्याच्या शेजारी ठेवला. मिस्त्रींची हत्यारांची पिशवी खांद्याला होती आणि पहिली तक्रार आठची होती, तरी ते निघाले नाहीत. ते समोरच्या स्टुलावर टेकले आणि मुलाकडे बघत राहिले. केस विरळ झाले होते. हनुवटी आईची होती. डाव्या भुवईत एक आडवा व्रण होता, जुना, भुवई मधोमध तोडणारा.

"काय झालं?" मुलाने नाडी बांधत विचारलं.

"काही नाही. जपून जा."

मुलगा जिना उतरून गेला. खालचं फाटक वाजेपर्यंत मिस्त्री तसेच बसून होते.

"त्याच्या भुवईला ते कधी लागलं गं?" त्यांनी विचारलं.

"सातवीत. शाळेच्या पायरीवरून पडला होता. चार टाके पडले." बायको दार लोटत म्हणाली. "तुम्हीच नव्हतं का नेलं दवाखान्यात?"

दवाखाना मिस्त्रींना लगेच आठवला. मागच्या अंगाला सिमेंटची टाकी होती, आणि तिथल्या पंपाचा एक बोल्ट सैल झाला होता. आत टाके घालेपर्यंत त्यांनी तो घट्ट करून दिला होता.